पोर्ट बंद करण्याची रीतसर पद्धत

विष्णुपुरी धरणाचा एक दरवाजा उचलला तरी गोदाकाठच्या गावांना इशारा जातो, नांदेडच्या पेपरात फोटो येतो. तिथल्याच एखाद्या ऑफिसात सर्व्हरचं पोर्ट उघडं राहिलं तर शिपायालाही पत्ता लागत नाही. म्हणून, ज्यांच्या गळ्यात सर्व्हर पडला आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

नुसत्या टीसीपीचीच पोर्ट ६५,५३६. उघडी किती, हे बाहेरून एनमॅपनं आणि आतून नेटस्टॅटनं बघावं. यादी सही-शिक्क्यानिशी सर्व विभागांना पाठवावी : ‘सदर पोर्ट कोणाचे?’ उत्तर येणार नाही. ३३०६ वर डेटाबेस अख्ख्या जगाकडे तोंड करून बसलेला असेल. प्रोजेक्टसाठी तो लावणारा पोरगा आता हिंजवडीला. २३ वरचं टेलनेट पासवर्ड उघड्यावर पाठवतं. ते सुरू करणारे साहेब निवृत्त झाले. ‘असू द्या, कुणी वापरत असेल,’ असा शेरा मारून फाइल बंद करावी. तेवढं तरी बंद होतं.

४४५ वर, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगवर, मात्र बैठक लावावी. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला त्यातल्या भोकावर दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्याकडे १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेनं शिरला. जूनअखेर हीच वाट वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनं मर्स्क या जहाज वाहतूक समूहाला गाठलं आणि न्हावाशेव्यातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. एवढं सांगूनही कुणीतरी विचारतंच, ‘विष्णुपुरीत कोण येतंय हॅक करायला?’ झेडमॅप नावाचा स्कॅनर २०१३ पासून पाऊण तासात जगभरच्या आयपीव्ही-४ पत्त्यांवरचं एकेक पोर्ट चाचपतो. त्याला गावाचं नाव लागत नाही.

फायरवॉल शनिवारी रात्री, लातूरहून, घरबसल्या लावावा. आधी सगळं अडवावं, दुरून आत जायच्या एसएसएचचं, म्हणजे २२ चं, नंतर बघू म्हणावं. लॉगआउट झालात की परत आत जाता येणार नाही आणि रविवारी सकाळची नांदेडची एसटी आयती मिळेल. एसटीचा कंटाळा असेल त्यांनी आधी २२ ला, तीही ठरावीक पत्त्यांपुरतीच, परवानगी द्यावी. डॉकर असेल तर यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलच्या भरवशावर झोपू नये; डॉकरनं बाहेर काढलेलं पोर्ट त्याला न जुमानता उघडं राहतं. खरा उपाय म्हणजे नको ती सेवाच बंद करणं. पण त्याला कुणाची तरी सही लागते.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं. तेव्हा सर्व विभागांना पाठवलेल्या ‘सदर पोर्ट कोणाचे?’ या पत्राचं स्मरणपत्र आजच काढा.