शेवळांचा वशिला

रानभाज्यांवर माझी एक छोटी वेबसाइट आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, असा सगळा ओला कारभार. ती वाचतं कोण, याची चौकशी मी मुद्दामच टाळत आले होते. यादी घरच्याच माणसांवर संपली तर काय घ्या! पण भाच्यानं एकदा गूगल सर्च कन्सोलमधलं लिंकांचं पान उघडून दिलं. "मावशी, बघ तुला कोण कोण ओळखतं."

ओळखणाऱ्यांत पहिला निघाला ऑनलाइन जुगाराचा अड्डा. त्यानं भारंगीच्या भाजीला लिंक दिली होती. भारंगी खाऊन कुणाला लॉटरी लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्याच्याखाली सबमर्सिबल पंपांचं दुकान. आणि मग घशाच्या गोळ्या विकणारी एक साइट. 'घसा खवखवतोय? घरगुती उपाय' या शब्दांवर टिचकी मारली की माणूस थेट माझ्या शेवळांवर!

ठाणे-रायगडकडच्या वाचकांनी इथं हसून घ्यावं. शेवळं नीट साफ केली नाहीत, वर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घातली नाहीत, तर घशाला अशी खाज सुटते की जेवणारा सुगरणीचा उद्धार करतो. मी लेखात 'घसा' आणि 'खवखव' हे शब्द सावधगिरीच्या इशाऱ्यासाठी वापरले होते. कुठल्याशा यंत्रानं तेवढेच उचलले असणार.

"पण याचा उपयोग काय?" मी विचारलं. भाचा खुर्ची ओढून बसला, म्हणजे आता चहा टाकावा लागणार.

पुढे गूगल काढणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन १९९६ साली स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांना सुचलं, की ज्या शोधनिबंधाचा हवाला पुष्कळ जण देतात तो वजनदार मानतात, मग वेबपानांनाही तोच न्याय का नको? शिवाय हवाला देणाराही वजनदार हवा. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात तसंच हे: मुलगा चांगला आहे असं कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला की त्याचे हेडमास्तर म्हणाले, यात फरक असतो. त्यातून पान आपलं वजन आपल्या सगळ्या लिंकांत वाटतं. हजार जणांची शिफारस करणाऱ्याकडून वाट्याला येतो तो चुरा.

माझे हेडमास्तर यादीत पार तळाशी होते. एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं रंगहीन पान, त्यात वाचनाची यादी, तिच्या शेवटी माझी साइट, नाव चुकीचं लिहिलेलं. भाचा मात्र एकदम अदबीनं बोलायला लागला. "ही सोन्याची आहे, मावशी."

नणंदेनं तिच्या साइटवर माझं तोंड भरून कौतुक केलं होतं, तेही सापडलं. पण त्या लिंकेला 'नोफॉलो'ची चिठ्ठी होती. जाहिरातबाजांना आवरायला गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं २००५ साली ही सोय मान्य केली. लिंक द्यायची, पण शिफारस समजू नका असं गूगलच्या कानात सांगायचं. इंग्रजी विकिपीडियाही २००७ पासून बाहेरच्या सगळ्या लिंकांना हीच चिठ्ठी लावतो. नणंदेला यातलं तांत्रिक काही कळत नाही. तिचं कौतुक पहिल्यापासूनच त्या जातीचं.

जुगारवाल्याचं काय करायचं? "सोड. असल्या लिंका गूगल बहुतेक वेळा मोजतच नाही."

घशाचं प्रकरण मात्र मी सोडलं नाही. लिंक ज्या शब्दांवर असते त्यांवरूनही गूगल पानाचा विषय ताडतं. २००३च्या सुमारास काही खोडकरांनी 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवरून जॉर्ज बुश यांच्या चरित्राच्या पानाला लिंका दिल्या, आणि ते शब्द शोधणाऱ्यांना राष्ट्राध्यक्ष सर्वांत वर दिसू लागले. पानावर ते शब्द नव्हतेच! गूगलनं २००७ साली त्याचा बंदोबस्त केला.

शेवळांचा बंदोबस्त अजून कुणी केलेला नाही. परवाच एका सद्गृहस्थांचं पत्र आलं: आठवडाभर घसा धरलाय, आपला लेख वाचला, शेवळं मिळाली, काकडं घातलीच पाहिजेत का, आणि हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?