आगीच्या आगमनाबाबत

प्रति,
श्रीमती आग
(शॉर्ट सर्किटची, पॅन्ट्रीतली, यूपीएसच्या खोलीतली व इतर सर्व)
मुक्काम : कुठेही

विषय : आगमनाची तारीख व वेळ आधी कळवण्याबाबत.
संदर्भ : आमच्या कार्यालयाचा आपत्कालीन प्रतिसाद आराखडा, पाने ६४, स्पायरल बायंडिंगसह.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की आमचा आराखडा तयार आहे. आता फक्त तुमचीच वाट आहे. मात्र निघण्यापूर्वी तो एकदा वाचून यावं ही नम्र विनंती. आमच्याकडे तो कुणी वाचलेला नाही, आणि दोघांपैकी एका पक्षाला तरी तो ठाऊक असलेला बरा.

मी या आराखड्याच्या समितीचा सदस्य-सचिव. मीटिंगला उशिरा पोचलो, एकच खुर्ची रिकामी होती, ती सचिवाची निघाली. आराखडा पंधरा दिवसांत हवा होता, कारण सोळाव्या दिवशी ऑडिट होतं. मग सगळे करतात तेच मीही केलं. ओळखीतल्या एकाकडून त्यांच्या कारखान्याचा आराखडा मागवला आणि वरचं नाव बदललं. कारखाना रसायनांचा. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना असा आराखडा करणं बंधनकारक झालं. नुसता करणं नाही, तर कामगारांना आणि आसपास राहणाऱ्यांना तो कळवणंसुद्धा. त्यामुळे त्यांचा आराखडा खरोखर उत्तम आहे. त्यांच्यासाठी.

आम्ही मुंबईत एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसून विम्याचे कागद तपासतो. आमच्या पान २३ वर लिहिलंय की वायुगळती झाल्यास वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंड सॉककडे पाहून वाऱ्याला आडवं चालत जावं. आमच्या खिडक्या उघडत नाहीत. तरीही समितीने विंड सॉक खरेदीचा प्रस्ताव पाठवला आणि अकाउंट्सने तीन कोटेशन्स मागवली आहेत. सर्वांनी जमायचं ठिकाण आहे 'गेट क्र. ३ शेजारचं कडुलिंबाचं झाड'. आम्हाला गेट एकच, आणि झाड म्हणाल तर रिसेप्शनवर प्लास्टिकचा बांबू आहे. छप्पन्न माणसांनी त्याच्याभोवती कसं उभं राहावं हा मुद्दा पुढच्या बैठकीत घेतला आहे.

आता तारखेचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत आम्हाला परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं की यंत्रणा चालू स्थितीत आहे. त्यामुळे या दोन महिन्यांत तुमची सोय बरी होईल. लाल सिलिंडरवर नवं स्टिकर असतं, काट्याखालचा हिरवा पट्टा पुसून लख्ख केलेला असतो, पंपाच्या खोलीची किल्ली सापडलेली असते. ऑगस्टपासून तिचा शोध पुन्हा सुरू होतो.

१४ एप्रिल मात्र कृपया टाळावा. १९४४ साली त्याच दिवशी तुम्ही मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजावर आला होतात. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरायची कल्पना ज्यांची, ते आमच्या समितीचे पूर्वज असावेत. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले, म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, ऑफिस बंद. आम्ही शपथ १५ तारखेला घेतो. घोषवाक्य स्पर्धाही असते. तीन वर्षं पहिलं बक्षीस एकाच बाईंना मिळतंय, कारण घोषवाक्यही तेच आहे आणि परीक्षकही.

आमच्या तयारीविषयी शंका नसावी. गेल्या वर्षी आम्ही अचानक मॉक ड्रिल घेतलं. 'उद्या सकाळी ठीक ११ वाजता अचानक मॉक ड्रिल होईल, सर्वांनी चहा आधी उरकून घ्यावा' असा मेल आदल्या दिवशी गेला होता. भोंगा वाजला. लोकांनी फाइल सेव्ह केली, डबे उचलले, छत्र्या घेतल्या आणि लिफ्टसमोर रांग लावली. लिफ्ट वापरायची नाही असं मी ओरडून सांगितलं, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, खरी आग असती तर नसती वापरली." शेवटचा माणूस खाली यायला एकोणीस मिनिटं लागली. अहवालात चार लिहिली आहेत. त्यापेक्षा कमी लिहिली तर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वरून सांगण्यात आलं. मग आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून प्रात्यक्षिक झालं. साहेबांच्या हाती सिलिंडर दिला, फोटोग्राफर सज्ज झाला, आणि पिन निघेना. पिनेला प्लास्टिकचं सील असतं आणि आधी पिरगळून ते तोडावं लागतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तोवर तुम्ही कंटाळून आपणच विझलात.

तुमच्यासाठी जिनाही राखून ठेवला आहे. माणसांना तिथून जाता येत नाही. पाचव्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्या आहेत, सहाव्याच्या खाली गणपतीचं थर्माकोलचं मखर. २०१८ च्या बंदीनंतर ते वापरता येईना आणि टाकायचं कुठे ते कुणी सांगेना, म्हणून ते तिथेच स्थापन झालं. दर मजल्यावर आपोआप मिटणारं अग्निरोधक दार आहे. धूर जिन्यात शिरू नये म्हणून ते मिटतं. पण येता-जाता ढकलावं लागतं म्हणून कुणीतरी ते उघडं अडवून ठेवलंय. कशाने म्हणाल, तर लाल सिलिंडरने.

एका गोष्टीबद्दल मात्र तुमच्याशी थट्टा करवत नाही. आमच्या लेखा विभागात एक गृहस्थ कुबड्या घेऊन येतात. सातव्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, ते कसे उतरणार? आराखडा म्हणतो : 'दिव्यांग कर्मचाऱ्यांस सहकाऱ्यांनी मदत करावी.' कोणत्या? त्या जागी दोन नावं हवीत, दोघांपैकी एक रजेवर असेल म्हणून तिसरंही हवं, आणि त्या तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून एकदा तरी खाली नेऊन पाहायला हवं. आम्ही काय केलं? ड्रिलच्या दिवशी त्यांना बारा वाजता या म्हणून सांगितलं. नाहीतर वेळेचा आकडा बिघडला असता. ते आले, आणि मला म्हणाले, "खऱ्या वेळीही आधी कळवाल ना?"

तुम्हाला आमच्याविषयी जेवढं माहीत आहे तेवढं आम्हाला नाही. जीव घाबरला की माणूस जवळच्या दाराकडे धावत नाही, रोजच्या दाराकडे धावतो. २१ जून २०१२ ला तुम्ही मंत्रालयात चौथ्या मजल्यावर आलात आणि सहाव्यापर्यंत चढलात. पाच माणसं गेली. जिथून सगळ्या महाराष्ट्राला परिपत्रकं जातात, तिथली ही गोष्ट. मुंबईत कमला मिलमधल्या पबमध्ये २०१७ च्या डिसेंबरात मध्यरात्री आलात तेव्हा चौदा जण गेले, आणि त्यांतले कितीतरी स्वच्छतागृहात सापडले. धुरापासून वाचायला ते तिथे शिरले होते. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दार लागतं, पाणी असतं, ओळखीची जागा असते.

(पाण्याला वेगळं पत्र धाडत आहे. आमच्या चौसष्ट पानांत प्रत्येक संकटावर एकच उपाय आहे : ताबडतोब बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतल्या ऑफिसांनी माणसं घरी सोडली आणि ती रस्त्यावर अडकली. 'आज कुणीही बाहेर पडू नका, खिचडी टाकली आहे' हे वाक्य कोणत्या पानावर घालायचं?)

मूळ मुद्द्यावर येतो. मार्चमध्ये तुमची धाकटी बहीण आमच्याकडे येऊन गेली. संध्याकाळी पावणेआठ वाजता, पॅन्ट्रीत. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर किटली, मायक्रोवेव्ह आणि कुणाचा तरी मोबाइल होता. आधी करपल्याचा वास, मग बोर्ड वितळून टेबलाच्या कडेवरून थेंब गळायला लागले. मजल्यावर सात-आठ जण असतील. फ्लोअर वॉर्डन साडेसहाला घरी जातात. आराखडा ऑफिसच्या वेळेत लागू आहे.

मावशी होत्या. हाउसकीपिंगच्या. त्यांनी आधी विजेच्या डीबीचं दार उघडून पॅन्ट्रीचा स्विच, म्हणजे एमसीबी, पाडला. कोणता ते त्यांना माहीत, कारण तो डबा रोज त्याच पुसतात. मग दाराला टेकवलेला लाल सिलिंडर उचलला, सील पिरगळलं, पिन ओढली आणि बोर्डावर फवारा मारला. हे कुठे शिकल्या? प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेबांच्या मागे केरसुणी घेऊन उभ्या होत्या, पावडर सांडली तर झाडायला म्हणून. सील कसं तोडतात ते एजन्सीच्या माणसाने शेवटी दाखवलं. बाकी सगळे तेव्हा वडापावकडे गेले होते. सिलिंडर उचलल्यावर अग्निरोधक दार आपोआप मिटलं, हा आमच्या यंत्रणेचा त्या दिवशीचा एकमेव विजय. त्यानंतर मावशींनी स्वच्छतागृहाची दारं एकेक करून वाजवली. शेवटच्या दारामागे एक इसम फोनवर बोलत बसला होता. पान ४१, 'स्वच्छतागृहे रिकामी करणे', जबाबदार व्यक्ती : सदस्य-सचिव.

मावशींनी मला जिन्याने खाली आणलं. अंधार होता. "इथे डावीकडून या साहेब, खुर्च्या आहेत. आता मखर." त्यांना लिफ्टमधून कचऱ्याच्या पिशव्या न्यायला मनाई आहे, म्हणून जिना त्यांना तोंडपाठ.

खाली मी हजेरी घेतली. छप्पन्न नावांच्या यादीत मावशी नाहीत. रात्रीचा वॉचमन नाही, चहा देणारा मुलगा नाही. ही नावं घाला म्हणून मी नोट लिहिली. एचआरने तोंडी सांगितलं की तसं केलं तर ते आपले कर्मचारी ठरतील, उद्या कोर्टात जातील. त्यांची यादी कंत्राटदाराकडे असते. कंत्राटदार ठाण्याला बसतो. म्हणजे तुम्ही आलात आणि मावशी वर राहिल्या, तर हजेरी बरोबर भरेल. छप्पन्नपैकी छप्पन्न. शंभर टक्के यशस्वी.

तरी कृपया सोयीची तारीख कळवावी. दुसरा व चौथा शनिवार सुट्टी असते. येणं फारच तातडीचं असेल तर संध्याकाळी सातनंतर यावं. तेव्हा मावशी असतात.

आपला नम्र,
सदस्य-सचिव,
आपत्कालीन प्रतिसाद आराखडा समिती

प्रत माहितीस्तव :
१) साहेब (सारांश, अर्ध्या पानात)
२) अकाउंट्स (विंड सॉकची फाइल बंद करावी)
३) मावशी. त्यांना ई-मेल नाही. जिन्यात भेटतील, मीच वाचून दाखवतो.