चेंडू सोडून सगळं लाइव्ह

कोकणातल्या क्रिकेटला पूर्वी तीन गोष्टी पुरायच्या: भात कापून मोकळा झालेला मळा, टेनिसचा चेंडू आणि दुपारचं जेवण बुडवायची तयारी. आता चौथी लागते, ती म्हणजे रेंज. खेळपट्टी खडबडीत असली तर चालतं, पंच कुठल्या वाडीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी चालतं, पण 'लाइव्ह' नसेल तर संघ प्रवेश फी भरत नाहीत. चषकाच्या पत्रकावर पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मालिकावीराला सायकल आणि त्याखाली सगळ्यांत ठसठशीत टायपात 'यूट्यूबवर थेट प्रक्षेपण'. सायकल कुणी नेली हे पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. फायनलला लाइव्ह बंद पडलं होतं, हे मात्र लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतं.

माझा भाचा लाइव्हवाला आहे. बहिणीला पूर्वी कुणी विचारलं की "काहीतरी कॅमेऱ्याचं करतो" एवढं बोलून ती चहा ठेवायला उठायची. आता हंगामात, म्हणजे जानेवारीपासून मेपर्यंत, त्याची तारीख मिळवायला मंडळांचे अध्यक्ष तिच्याच ओटीवर बसतात आणि चहा ती त्यांना देते. मला तो मदतीला नेतो. माझं पद भारदस्त आहे. छोटी जॉयस्टिक हातात धरून मी लांब बांबूवर बांधलेले तीन कॅमेरे मंडपात बसून फिरवतो. मान वळवायची, वरखाली बघायचं, झूम करायचं, सगळे कष्ट कॅमेऱ्याचे. माझा फक्त अंगठा दुखतो, आणि तोही भाचा मान्य करत नाही.

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर कसोटी दिसायची तेव्हा मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे. एका षटकात गावसकरांचा चेहरा, पुढच्या षटकात पाठ. अर्ध्या देशाला गावसकर पाठीवरूनही ओळखता यायचे. दोन्ही टोकांना कॅमेरे लावायची चैन ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या चॅनल नाइनने 1977 पासून सुरू केली. आता आमच्या वाडीच्या चषकालाही दोन्ही टोकांना कॅमेरे असतात, वर मिडविकेटला एक जास्तीचा. पॅकरला त्यासाठी जगभरच्या खेळाडूंचं बंड उभं करावं लागलं. भाच्याचं काम पतपेढीच्या कर्जावर भागलं. जामीन मी आहे, म्हणून तर मला पद मिळालं.

हे कॅमेरे नेटवर्कवर चालतात, तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा पत्ता लागतो, 192.168 ने सुरू होणारा. एकाच कंपनीचे नवे कॅमेरे पुष्कळदा एकच पत्ता घेऊन खोक्यातून बाहेर पडतात. ते तसेच जोडले की एका सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असावीत तसं होतं: दोघांपैकी कुणाचंच काम पुढे सरकत नाही. कधी या टोकाचं चित्र येतं, कधी त्या टोकाचं, कधी दोघंही रुसतात. मग भाचा लॅपटॉप उघडून शांतपणे वाटणी करतो. "मामा, हा चौसष्ट, हा पासष्ट, हा सहासष्ट." आमच्या घराण्यात इतकी झटपट वाटणी मी दुसरी पाहिलेली नाही.

कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच्याकडून चित्र येतं ते एकाच वायरीतून. नाव कॅट सिक्स, जाडी करंगळीपेक्षा कमी, आणि मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे ती काही कबूल करत नाही. म्हणजे मंडप कुठे घालायचा हे अध्यक्ष ठरवत नाहीत, वायर ठरवते. एकदा अध्यक्षांनी पाहुण्यांसाठी लांबच्या आंब्याखाली खुर्च्या मांडून घेतल्या. भाच्याने टेप धरला आणि मान हलवली.

"वायर पोचत नाही, अध्यक्ष."

"मग वाढव."

"वाढवायची तर मध्ये आणखी एक स्विच लागेल, त्याला लाइट लागेल, लाइटीला जनरेटर लागेल."

अध्यक्षांनी जनरेटरचं भाडं मनातल्या मनात मोजलं आणि खुर्च्या मिडविकेटला, टळटळीत उन्हात आणवल्या. तिथल्या छोट्या मंडपात सावलीचा जो एक कोपरा होता तो लॅपटॉपला आणि स्विचला मिळाला, कारण ते तापले की बंद पडतात. प्रमुख पाहुणेही तापले, पण ते शेवटपर्यंत चालू राहिले. त्यांचं भाषण तर आवरेचना.

मंडपातून चित्र जगात जातं ते सिमकार्डांवर. एका डब्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालायची. डबा चित्राचे तुकडे सगळ्यांना वाटून देतो आणि पलीकडचा सर्व्हर ते जोडून घेतो. एक कंपनी दमली की दुसरी उचलते. 1080 च्या स्वच्छ चित्राला वर जाणारा वेग सेकंदाला पाच मेगाबिटांच्या आसपास सतत लागतो. सकाळी, दोन कुत्री आणि एक स्कोअरर एवढीच माणसं असताना, तो छान मिळतो. संध्याकाळी फायनलला चार गावं लोटतात आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच टॉवरला लोंबकळतात. लोंबकळून काय करतात? मैदानावर बसून त्याच मैदानावरचा सामना मोबाइलवर बघतात! चित्र अडकायला लागतं. मग समालोचकाला सांगावं लागतं, "रसिकांना नम्र विनंती, सामना आपल्यासमोर चालू आहे, तो कृपया डोळ्यांनी बघावा. लाइव्ह मुंबईकरांसाठी आहे." लोक मान वर करतात, मैदानाकडे बघतात, आणि 'इथे रिप्ले दिसत नाही' म्हणून पुन्हा खाली घालतात.

लाइव्ह या प्रकारातली मेख अशी की ते लाइव्ह नसतं. चित्राचे बारीक तुकडे होतात, ते पाठवले जातात, आणि मध्येच अडकू नये म्हणून बघणाऱ्याचा मोबाइल थोडे तुकडे आधी साठवून मगच दाखवतो. त्यात सहज वीस-पंचवीस सेकंद जातात. मळ्यात सिक्स बसून चेंडू करवंदीच्या जाळीतून शोधून आणेपर्यंत डोंबिवलीत बोलर अजून रनअपच्या खुणेवर उभा असतो. आमच्या वाडीतल्या एका होतकरू पोराने ही वेळ वाया जाऊ दिली नाही. फोनवर मुंबईच्या चुलतभावाला तो म्हणायचा, "माझं मन सांगतं, पुढच्या बॉलला दांडी." आणि दांडी! पैज वडापावची असायची. मेपर्यंत चुलतभावाकडे बरेच वडापाव थकले आणि वाडीत या पोराला पत्रिका दाखवायला माणसं येऊ लागली. मोठ्या जगात या उद्योगाला कोर्टसायडिंग म्हणतात. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसला त्यावरून एका माणसाला अटकसुद्धा झाली होती. पुढे आरोप मागे घेतले गेले. आमच्याकडे अटक नाही, पण पोराचं लग्न ठरलं.

कॅमेरा आला तसा न्यायही आला. पूर्वी पंचाचं बोट हा शेवटचा शब्द होता. वाद घालायचा तर तो पंचाच्या घराण्यावरून. आता रनआउट दिला की फलंदाज बॅट काखेत मारून थेट आमच्या मंडपाकडे चालू लागतो. "लाइव्हमध्ये दाखवा." टीव्हीच्या पंचाने बाद ठरवलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन, नोव्हेंबर 1992, डर्बन. तो मुकाट्याने चालू लागला होता. आमच्याकडे फलंदाज येतो, त्याच्यामागे त्याचा संघ, मग दुसरा संघ, मग वाडी, शेवटी पंच. सगळे एका पंधरा इंची पडद्यावर ओणवे होतात आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी घाम पडतो.

भाचा चित्र एकेक पाऊल पुढे नेतो. आमचे कॅमेरे सेकंदाला पंचवीस चित्रं घेतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची. पंचवीसवर ठेवलं की रात्री दिवे लुकलुकत नाहीत. म्हणजे दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग जातो. फलंदाज जीव घेऊन पळत असेल तर तेवढ्यात तो एक वीतभर पुढे सरकतो. एका चित्रात बॅट रेषेच्या अलीकडे आणि बेल्स जागेवर. पुढच्या चित्रात बॅट रेषेच्या आत आणि बेल्स हवेत. सत्य त्या वीतभर जागेत, आणि तिथला फोटोच नाही. भाचा हे सगळ्यांना समजावून सांगतो. सगळे लक्ष देऊन ऐकतात. मग दोन्ही संघ म्हणतात, "म्हणजे आमचंच बरोबर." शेवटी पंच पुन्हा बोट वर करतो आणि वाद, पूर्वीसारखाच, त्याच्या आजोबांपर्यंत जातो.

गाण्यांची भानगड वेगळीच. चौकार-षटकाराला डीजे सिनेमाची गाणी वाजवतो. यूट्यूबची यंत्रणा मालकी हक्काचं गाणं आपोआप ओळखते आणि वेळ पडली तर प्रक्षेपण अडवून तिथे नुसती पाटी लावते. म्हणजे आमचा फलंदाज जितका जोरात खेळेल तितकी लाइव्ह बंद पडायची भीती. एका उपांत्य सामन्यात भाचा देवाला हात जोडत होता, ते सिक्स बसू नये म्हणून. अखेर डीजेला नारळ दिला आणि वाडीचं भजनी मंडळ बसवलं. षटकाराला पखवाज, चौकाराला नुसती झांज, विकेटला गजर. बुवांनी लावलेल्या चाली यंत्रणेला अजून ओळखता आलेल्या नाहीत. त्या शेजारच्या वाडीलाही ओळखता येत नाहीत.

यंदा भाच्याने ऑटो ट्रॅकिंगवाला कॅमेरा आणला. तो माणूस ओळखतो आणि त्याच्यामागे आपणहून फिरतो. कुठला माणूस, हे मात्र त्याचं तो ठरवतो. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये अशा हुशार कॅमेऱ्याने जगाची करमणूक केली होती. करोनामुळे मैदानं रिकामी, म्हणून इनव्हरनेसच्या फुटबॉल क्लबने सामना घरबसल्या दाखवायला चेंडूमागे आपोआप फिरणारा कॅमेरा लावला. रेषेवरच्या पंचाला टक्कल होतं. कॅमेऱ्याला तो चेंडूच वाटला. गोल इकडे, कॅमेरा तिकडे, आणि समालोचक माफी मागतोय.

आमच्या कॅमेऱ्याने बर्फगोळेवाला धरला. त्याचा लाल शर्ट बहुतेक डोळ्यांत भरला असावा. मी जॉयस्टिक दाबतोय, कॅमेरा ढिम्म. गोळेवाला सीमारेषेच्या कडेकडेने गाडी ढकलत निघाला, पुढे घाटीवरून वाडीकडे वळला, आणि कॅमेरा त्याच्यामागे झूम करत करत वाडीत शिरला. मैदानावर फायनलचं शेवटचं षटक. पडद्यावर गोळेवाला, मागे बंद घरं, पडव्या, माड, एक गाय. भाचा घामाघूम. आता शिव्या येणार म्हणून मी फोन पालथा ठेवला.

फोन वाजलाच. परळहून आमची आजी. मी सुरुवात केली, "आजी, दोन मिनिटांत चेंडू दाखवतो..."

"चेंडू जाऊंदे खड्ड्यात. थयच धर. आमच्या पडवीची कौलां दिसतत. मागचो फणस दाखय मरे, किती लागले ते बघूया."

मग रांगच लागली. नालासोपाऱ्याहून एकाला आपली विहीर बघायची होती. कळव्याहून एकाला कुंपण कुठवर सरकलंय ते मोजायचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा दाखवतो ना, तो सबंध स्पर्धेत चढला नव्हता इतका गोळेवाल्याच्या पाठीमागे चढला. चाकरमान्याला रनरेटशी देणंघेणं नव्हतं. वर्षातून दोनदा उघडणारं घर उभं आहे ना, हे बघायला तो दिवसभर चेंडू सहन करत होता.

इतिहासही त्याच्याच बाजूने आहे. नेटवर गेलेला जगातला पहिला प्रसिद्ध कॅमेरा कुठल्या खेळावर नव्हता. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात 1991 मध्ये तो कॉफीच्या भांड्यावर लावला होता. जिने चढून गेल्यावर भांडं रिकामं मिळू नये, एवढाच हेतू. 1993 मध्ये तो सगळ्या जगाला दिसू लागला आणि 2001 मध्ये बंद होईपर्यंत असंख्य माणसांनी दुसऱ्याची कॉफी बघितली. तात्पर्य काय, आपली वस्तू जागेवर आहे का, ही मूळ प्रेरणा. क्रिकेट नंतर आलं.

मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पुढच्या वर्षी चौथा कॅमेरा लावायचं एकमताने ठरत आलं होतं. दोन षटकांच्या मध्ये तो वाडीवरून फिरवायचा, ज्यांना आपलं घर जवळून बघायचं त्यांनी मंडळाला देणगी द्यायची. भाच्याच्या कर्जाचा आणि पर्यायाने माझाही प्रश्न सुटत होता. तेवढ्यात गावात कायम राहणाऱ्या एका काकांनी उभं राहून खासगीपणाचा मुद्दा मांडला. वाडीत तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. मुंबईकरांच्या बंद घरांभोवतीचे नारळ-फणस वर्षभर तेच 'सांभाळतात'. पाठोपाठ आणखी चौघं उभे राहिले, तेही सांभाळणारेच.

बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला. कॅमेरा वाडीकडे वळवायच्या आधी पाच मिनिटं माइकवरून पुकारा करायचा. शिवाय लाइव्हचे वीस-पंचवीस सेकंद वेगळे. एवढ्या अवधीत माणूस माडावरून घाई न करता खाली उतरतो, हे काकांनी स्वतः मान्य केलं आणि ठराव मंजूर झाला.