सारस, साडेतीन फूट

भावोजींच्या हिशेबी फोटो दोनच प्रकारचे : पास आणि नापास. त्यात त्यांचा दोष नाही, वस्तीचंच नाव मानक नगर. कानपूरकडून येताना लखनौच्या अलीकडे लागणारं हे स्टेशन म्हणजे रेल्वेच्या ‘आरडीएसओ’चं बिऱ्हाड. संशोधन, अभिकल्प आणि मानक अशी तीन वजनदार नावं अंगावर वागवणारी ही संस्था १९५७ साली दोन जुनी कार्यालयं एकत्र करून उभी राहिली. रेल्वेतली वस्तू किती जाड, किती लांब, किती झिजली की मोडीत काढायची, हे तिथे ठरतं. जन्मभर तिथे नोकरी केलेल्या माणसाच्या घरी मी जानेवारीत पक्ष्यांचे फोटो काढायला उतरले.

पहिल्याच सकाळी पोह्यांच्या बशीवरून प्रश्न आला, “पासिंगची अट काय?”

मी म्हटलं, “पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे.”

“डोळा किती मिलिमीटर?”

अक्काने माझ्याकडे बघितलं. तिची पस्तीस वर्षं अशीच गेली आहेत. भाजीत मीठ ‘चवीपुरतं’ घातलं असं तिने म्हटलं की अजून या घरात वाद होतो.

त्यांना वळवण्यासाठी मी रेल्वेचाच माणूस पुढे केला. ई. एच. एन. लोथर. ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली आणि घरट्यांजवळ आडोसा करून, आत तासन्‌तास बसून पक्ष्यांचे फोटो काढले. १९४९ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. भावोजींनी लोथरसाहेबांची रजा कुठल्या खाती पडत असेल याचा थोडा वेळ विचार केला. जहांगीर बादशहा मात्र त्यांना एकदम आवडला. त्याने लैला आणि मजनू नावाची सारसांची जोडी पाळली होती आणि अंडी कधी घातली, पिल्लं कधी बाहेर आली, सगळं लिहून ठेवलं होतं. “नोंदी ठेवल्या ना? मग माणूस कामाचा,” असं म्हणून त्यांनी गाडीची किल्ली घेतली. खिशात टेप होता. तो असतोच.

नवाबगंजचं पक्षी अभयारण्य कानपूर रस्त्यावर, उन्नाव जिल्ह्यात. हल्ली त्याला शहीद चंद्रशेखर आझादांचं नाव आहे. पोचलो तेव्हा तळं, झाडं, पाटी, सगळं धुक्यात. थंडी अशी की शटरवरचं बोट माझंच आहे का, हे डोळ्यांनी बघून खात्री करावी लागे. दहाच्या सुमाराला पडदा जरा सरकला, तर समोर काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पन्नासेक वारकरी पाण्यात. आपण मराठी माणसांनी या पक्ष्याला काय चपखल नाव दिलंय! इतक्या लांब, टाळ-मृदंग नसताना, पांढरा बुक्का लावून दिंडी चाललेली. पलीकडे थापटे चोचीने पाणी गाळत होते. मी दोनशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून भावोजी म्हणाले, “धुक्याचे चांगले आलेत.”

सारस काही दिसला नाही. उत्तर प्रदेशाचा हा राज्यपक्षी. जवळजवळ सहा फूट उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याहून उंच जगात कुणी नाही. वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच तो हाच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. अशा पक्ष्यासाठी मी मैत्रिणीकडून ४०० मिलिमीटरची लेन्स उसनी आणली होती. लांबचा पक्षी जवळ आणणारी. पक्षीच जवळ असेल तर काय करायचं, हे मैत्रिणीने सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चहासाठी आडरस्त्याला वळलो आणि भावोजींनी ब्रेक मारला. गव्हाच्या कडेला साचलेल्या पाण्यात जोडी उभी. राखाडी अंग, लाल मान, लाल पाय. अंतर वीस मीटर. मी दाराआडून कॅमेरा लावला. आत नुसतं पोट.

“आडवा आहे, उभा धर.”

उभा धरला. पोट आणि पाय.

भावोजींनी गाडीच्या टपावर कागद ठेवून गणित मांडलं. “तुझा सेन्सर बावीस मिलिमीटर, अंतर वीस मीटर. चौकटीत एक मीटर दहा बसणार. साडेतीन फूट. तुला अजून तेरा मीटर मागे जायला हवं.” आणि खरोखर टेप काढला. मागे पाच मीटरवर एका घराची भिंत होती.

भिंतीशी दातण करत उभा असलेला शेतकरी म्हणाला, “का नापत हौ, भइया?”

“सारस.”

“सारस कउनो नापै का चीज आय? ई तौ रोजै आवत हैं.”

भावोजी डगमगले नाहीत. “दोन फोटो घे. खालचा अर्धा, मग वरचा अर्धा. घरी जोडू. आम्ही अख्ख्या गाड्या जोडतो.” मी खालचा घेतला. काय फोटो आला सांगू! पायांवरचा एकेक खवला मोजून घ्यावा. मग वरच्या अर्ध्यासाठी कॅमेरा उचलला, तेवढ्यात नराने मान खाली घालून चिखलात चोच खुपसली. वरच्या अर्ध्यात स्वच्छ आभाळ. मी कॅमेरा खाली आणला, त्याने मान वर केली. हे तीनदा झालं. मग दोघांनी माना आभाळाकडे ताणून अशी तुतारी फुंकली की शेतकऱ्याची म्हैस उठून उभी राहिली, आणि दोघं शांतपणे चालत तुरीच्या शेतात शिरले. आता तुरीवर नुसत्या लाल माना दिसत होत्या, पाय नव्हते. कॅमेऱ्याने मोठ्या निष्ठेने मधल्या तुरीच्या शेंगेवर फोकस केला.

रात्री भावोजींनी शेरा लिहून कागद माझ्या बॅगेत घातला : ‘नमुना अर्धा. फेरचाचणी आवश्यक.’

पुण्याला आल्यावर पायांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात बावीस अंगठे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, “वा! भिगवण! रोहित पक्षी किती जवळून मिळाला!” मी खुलासा टाइप करत होते, तोवर खाली दुसऱ्यांचा प्रश्न आला : “पाय बरेच उघडे दिसतायत. यंदा उजनीला पाणी कमी आहे का?”