उणे एच

आमच्या कॉम्प्युटरला सुरू व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्या लागायच्या. अतिशयोक्ती नाही, मी मोजल्यात. पहिल्या शिट्टीला पडद्यावर ती हिरवी टेकडी यायची, दुसरीला टेकडीवर एकेक चित्र उगवायला लागायचं आणि तिसरीला बाणाजवळचं वाळूचं घड्याळ एकदाचं जायचं. गॅस बंद करून, हात पुसत मी खुर्चीवर येऊन बसावं, तर ते घड्याळ परत हजर.

ही 2012 सालची गोष्ट. आमचं साताऱ्याचं घर, हॉलचा कोपरा, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं पाच वर्षांचं यंत्र. ते का मंदावलं यावर घरात एकमत नव्हतं. नवऱ्याच्या मते रॅम कमी पडत होती. नववीतल्या चिरंजिवांच्या मते नवीन घेण्याशिवाय पर्यायच नव्हता. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "अंगात कणकण असणार. दोन दिवस लंघन द्या." आणि त्यांनी खरंच दोन दिवस प्लग काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी चार शिट्ट्या लागल्या.

खरं दुखणं कळलं ते नणंदेच्या मुलीच्या लग्नाचे फोटो बघायला बसलो तेव्हा. पेनड्राइव्हवर 'हळद', 'सीमांतपूजन', 'पंगत' अशी फोल्डरं होती, पण प्रत्येकाच्या पायाशी एक बारीकसा वाकडा बाण. आणि वजन बघावं तर एक केबी. साडेचारशे माणसांची पंगत, एक केबीत!

वरच्या मजल्यावरचा ओंकार इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो आला, बाणाकडे बघून "हं" म्हणाला आणि डॉक्टर 'बाहेरचं काही खाल्लं होतं का' विचारतात त्या सुरात त्यानं विचारलं, "काकू, हा कुठे कुठे लावला होता?"

कुठे म्हणजे, झेरॉक्सच्या दुकानात. चिरंजिवांचा प्रोजेक्ट छापायला. अर्ध्या गावाचे पेनड्राइव्ह दिवसभर त्या एकाच भोकात जाऊन येतात. यात्रेतल्या पाणपोईवर साखळीनं बांधलेला एकच पेला असावा, तसं.

मग ओंकारनं त्या विषाणूची रीत सांगितली आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुक वाटलं. तो आपलं काही पुसत नाही. आपली खरी फोल्डरं फक्त अदृश्य करतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे तोतये बसवतो. तोतयावर टिचकी मारली की खरं फोल्डर बिनतक्रार उघडतं. फोटो दिसतात, आपण खूश. पण दार उघडताना तो स्वतःही आपल्याबरोबर आत शिरलेला असतो. लग्नाच्या गर्दीत 'या, या' म्हणत आपल्याला आत नेणारे आणि आपल्याच पंगतीत जेवून जाणारे गृहस्थ असतात ना, जे मुलाकडच्यांना मुलीकडचे वाटतात आणि मुलीकडच्यांना मुलाकडचे? त्यातला प्रकार.

ओंकारनं यंत्र बंद करून, चालू होताना एफ-आठचं बटण टकटक दाबून त्याला 'सेफ मोड'मध्ये नेलं. टेकडी गेली, रंग गेले, अक्षरं ढोबळ झाली. ऑपरेशनला नेताना माणसाचे दागिने, चष्मा, कवळी काढून घेतात, तसं ते बापडं दिसत होतं. मग चालू होतानाच आपोआप जागे होणाऱ्या मंडळींची यादी त्यानं काढली. सतरा निघाले.

"सतरा व्हायरस?" अण्णा खुर्ची ओढून जवळ आले.

"व्हायरस दोनच, आजोबा. बाकीचे तुम्हीच बोलावलेत."

हे मला लागलं, पण खरं होतं. भंगारात दिलेल्या प्रिंटरचा कारभारी अजून रोज पहाटे उठून प्रिंटरची वाट बघत होता. कधीतरी 'पुढे', 'पुढे' करत 'मान्य'वर टिचकी मारताना आलेल्या तीन पट्ट्या होत्या. मुदत संपून वर्ष झालेला अँटिव्हायरस कोपऱ्यात रोज लाल फुली दाखवायचा आणि घरातलं कुणीतरी ती रोज निष्ठेनं बंद करायचं.

ओंकारनं आणलेल्या सीडीवरून तपासणी सुरू झाली. ती चार तास चालली, त्यामुळे चहा दोनदा झाला आणि गप्पांना पूर आला. ओंकार सांगत होता, पीसीवर पसरलेला पहिला विषाणू 1986 सालचा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला. त्यांनी वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि लोक ते फुकट उतरवून घेत होते, म्हणून ही अद्दल. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात जाऊन बसायचा आणि फ्लॉपी हळू चालायची. गंमत म्हणजे त्यात दोघांनी आपली नावं, लाहोरचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले होते. थेट अमेरिकेहून फोन यायला लागले तेव्हा भाऊच चकित झाले.

"पत्ता दिला होता?" अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "मग घरंदाज माणसं असणार." लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' असतं, तसं त्यांना ते वाटलं असावं. आणि तिकडचे दोघे भाऊ निघाल्यावर अण्णांना इकडचे दोघे भाऊ काढणं भागच होतं. रहिमतपूरचे कैलास काटकर कसे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयनं व्हायरसवरचा उतारा कसा लिहिला, त्यातून क्विक हील कशी उभी राहिली, हे त्यांनी रहिमतपूरला स्वतःचं घर असल्यासारखं सांगितलं. आमचं तिथे कुणी नाही. पण जिल्हा एकच, एवढं नातं त्यांना पुरतं.

दिवेलागणीला दोन्ही विषाणू गेले. फोल्डरं मात्र अदृश्यच. ओंकारनं एक काळी खिडकी उघडून त्यात 'अ‍ॅट्रिब' असं काहीसं टाइप केलं आणि पुढे उणे एच, उणे आर, उणे एस. "उणे एच म्हणजे लपवलेलं बाहेर काढ," तो म्हणाला. पेनड्राइव्हवर चालवलं, पंगत वर आली. मग "इथेही करून टाकतो" म्हणत त्यानं तेच आमच्या डी ड्राइव्हवर, अगदी कानाकोपऱ्यापर्यंत चालवलं, आज्ञा एका चिठ्ठीवर लिहून मला दिली, दोन लाडू घेतले आणि गेला.

आता त्या आज्ञेला बिचारीला काय कळणार की कुठलं विषाणूनं लपवलंय आणि कुठलं घरच्यांनी? तिनं सगळंच उघड्यावर आणलं. 'भूगोल'च्या पोटात गाड्या पळवायचे पाच खेळ निघाले. दिवाळी अंकांनी साभार परत केलेल्या माझ्या दोन कथा निघाल्या, त्या मी घाईनं दुसरीकडे हलवल्या. आणि 'घरपट्टी' नावाचं एक फोल्डर निघालं.

घरपट्टी आमच्याकडे अण्णा भरतात. पावत्या बघाव्या म्हणून उघडलं, तर आत आवाजाच्या नऊ फायली. इंग्रजी अक्षरांत मराठी नावं. प्रयत्न 1. प्रयत्न 2 खोकला. प्रयत्न 4 भंगारवाला. प्रयत्न 7 बरा. तारखा बघितल्या तर सगळे शनिवार, वेळ संध्याकाळी पाच ते सहा. शनिवारी पाच ते सहा मी भजनी मंडळात असते.

आवाज अगदी बारीक करून मी सातवा लावला. अण्णांचा आवाज. नाट्यपद. आधी घसा खाकरणं, मग चिरंजिवांच्या माइकवर नख वाजल्यासारखं काहीतरी, मग सूर. थरथरणारा, पण जागेवरचा. आमच्या विंडोज एक्सपीतलं ते आवाज साठवायचं यंत्र एका मिनिटाच्या वर घेत नसे. तान चढत चढत गेली आणि समेच्या दोन मात्रा अलीकडे कट झाली. नऊच्या नऊ तशाच.

आतल्या खोलीतून हाक आली. "झाला का गं बरा?"

"झाला, अण्णा. पळतोय आता."

"बघ. मी म्हटलंच होतं, लंघन लागू पडतं."

मी काळी खिडकी उघडली. चिठ्ठी समोर धरून 'घरपट्टी'पुरती तीच आज्ञा टाइप केली, फक्त एचच्या आधी उणेच्या जागी अधिक. फोल्डर गेलं.

आणि त्या शनिवारी चपला घालता घालता सांगितलं, की आज मंडळात जास्तीचे अभंग आहेत, यायला सात वाजतील.