सावकाश, पण पाव किलो

बदलापूर गावात कुणाला किती वाजले विचारा, "फास्ट गेली" असं उत्तर मिळतं. शिवकाळात सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलत, अशी आख्यायिका आहे. घोडे गेले, घाई राहिली. स्टेशन पडतं कुळगावात, म्हणून गावातला माणूस शेअर रिक्षात अर्धा आत, अर्धा बाहेर बसून दिवसाची सुरुवात करतो.

माझा रक्तदाब बघून डॉक्टर म्हणाले, "जरा सावकाश घ्या. आजूबाजूला लक्ष द्या." मी लगेच मोबाइलवर गजर लावला : रविवार, सात ते सव्वासात, लक्ष देणे.

"अहो, दिवाळीत पडदे बदललेत," बायको म्हणाली. "तिथून सुरू करा."

आमच्या उल्हास नदीची शिकवण्याची पद्धत जरा कडक. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुरानं महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच अडवली. हजारावर प्रवासी अडकले. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची हेलिकॉप्टरं आली. आजूबाजूला लक्ष द्या, असं त्या प्रवाशांना कुणा डॉक्टरनं सांगावं लागलं नसेल.

मला जरा सौम्य गुरू भेटला. जूनमध्ये गावात जांभळांच्या टोपल्या येतात. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण जांभळाला त्याचं काही नाही. ते पूर्वीसारखंच दुसऱ्या दिवशी नासतं. झाडाच्या फांद्या ठिसूळ. वर चढलेल्यानं घाई केली, तर जांभळाआधी तोच खाली येतो.

"मावशी, पाव किलो. पटकन."

"पटकन पायजे तर केळी घ्या, दादा."

आणि तिनं एकेक जांभूळ उचलून फिरवायला सुरुवात केली. हे पावसानं चिरलंय, बाजूला. हे लाल आहे, घसा धरेल. हे दिसायला टपोरं, पण देठाशी पिचलंय. मीही वाकलो. पाचेक मिनिटांत मला जांभळाजांभळांतला फरक दिसायला लागला. तीस वर्षं हापिसात माणसं पारखली, असं मी उगाच सांगत फिरायचो. रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी एक जांभूळ निवडून मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरलं. तिनं ते बघितलं आणि काही न बोलता परत टोपलीत टाकलं.

शेवटी काटा सरळ झाला, पण एक जांभूळ जास्त भरलं. मी आशेनं पिशवी पुढे केली. मावशीनं ते उचललं, नीट न्याहाळलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं.