केसाएवढी रेघ आणि लाल नेलपॉलिश

"आलात का गं लेहहून? त्या पडदेवाल्या ओम्नीतून?"

"आलो बाई एकदाचे, काकू! गादी नवी, पडदे नवे, शेगडी नवी. इंजिनाकडे मात्र यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी. गॅरेजवाला कानीकपाळी ओरडत होता, डिस्ट्रिब्युटरची कॅप बदला. हे म्हणाले, चालतेय ना!"

"मग?"

"बारालाचाच्या चढावर, 16,000 फुटांच्या आसपास, लागली मिसिंग मारायला. गचके, काळा धूर, आणि मग बसलीच."

"पेट्रोल उकळलं असेल. उंचीवर लवकर उकळतं म्हणतात."

"यांनीही तेच धरलं. पंपावर ओलं फडकं टाकून बसले वाट बघत! शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने सीट उचलून तिन्ही प्लग काढले, तर काजळीने माखलेले. म्हणाला, इथे हवा खालच्या निम्म्याहून जेमतेम जास्त, पण कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतोय खालच्याच हिशेबाने. मग काजळी धरणारच. त्या काजळीतून करंट परस्पर बॉडीला उतरतो, ठिणगी पडणार कुठून?"

"आणि कॅप?"

"उपडी करून दाखवली. आत केसाएवढी काळी रेघ, एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत. विरळ हवेत करंटला उडी मारायला फार जोर लागत नाही म्हणे. चीर इथूनच नेलेली हो; इथल्या दाट हवेत निभावत होतं, तिथे पितळ उघडं पडलं."

"मग त्या रानात कॅप कुठली मिळायला?"

"त्याने ब्लेडने रेघ खरवडली, कोरड्या फडक्याने पुसली आणि मला विचारलं, 'भाभी, नेलपॉलिश है?' लाल होती, तीच फासली. वाळू दिली, प्लग घासून बसवले. दुसऱ्या सेल्फला सुरू!"

"कमाल आहे! म्हणजे लेहपर्यंत तुझ्या नेलपॉलिशवर गेलात!"

"तर काय! आणि हे खाली येऊन सगळ्यांना सांगतायत, इंजिनाला उंची सोसली नाही. म्हटलं, उंची नव्हे, तुमची काटकसर."

"आता तरी खिशात हात घातला का?"

"घातला ना. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, तीन प्लग, सगळं नवं आणलं, वर एकेक जादा."

"आणि तुझी नेलपॉलिश?"

"ती टूलकिटमध्ये ठेवलीय. हात लावायचा नाही म्हणतात!"